मागच्या चाकांचा जोर: रिअर-व्हील ड्राइव्ह चालते कशी, मागे का पडली आणि परत का येतेय

इलेक्ट्रिक गाड्यांच्या माहितीपत्रकात हल्ली सुरुवातीच्या मॉडेलपुढे बऱ्याचदा 'आरडब्ल्यूडी' असं छापलेलं दिसतं. आरडब्ल्यूडी म्हणजे रिअर-व्हील ड्राइव्ह, म्हणजे गाडीला पुढे नेणारा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. वाचणारा चक्रावतो, कारण मागच्या चाकांवर चालणारी गाडी एकतर जुनाट असते नाहीतर महागडी, असंच आपण ऐकत आलो आहोत. २०१९ मध्ये बीएमडब्ल्यूने आपली वन सिरीज हॅचबॅक मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर आणली. २०२३ मध्ये व्होल्वोने एक्ससी४०च्या एका मोटरच्या इलेक्ट्रिक गाडीचा जोर पुढच्या चाकांकडून काढून मागच्यांना दिला. चार वर्षांत दोन कंपन्या बरोबर उलट दिशांना गेल्या आणि दोघींचंही गणित चुकलेलं नाही. ते कसं, हे कळायला गाडीखाली वाकून पाहावं लागतं.

इंजिन पुढे, चाकं मागे: मधलं अंतर कसं कापायचं?

१८९१ मध्ये पानार आणि लवासोर या फ्रेंच कंपनीने जी मांडणी रूढ केली, तीच पुढे कित्येक दशकं चालली. इंजिन पुढे, त्याच्या मागे क्लच, मग गिअरबॉक्स आणि शेवटी मागची चाकं. इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेत बसवलेलं असतं. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघणारा फिरता जोर, म्हणजे टॉर्क, एका लांब पोकळ दांड्याने मागे नेला जातो. हा प्रोपेलर शाफ्ट. गाडीच्या आत मधोमध जो उंचवटा असतो आणि मागच्या सीटवर मधे बसणाऱ्याला पाय फाकवून बसायला लावतो, तो याच शाफ्टसाठी.

शाफ्ट सरळसोट, दोन्हीकडे घट्ट बसवून भागत नाही. गिअरबॉक्स बॉडीला बांधलेला असतो, तर मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा आस, स्प्रिंगवर वरखाली होत असतो. त्यामुळे शाफ्टचा कोन सतत बदलतो. म्हणून दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट लागतो. त्याच्या पोटात अधिक चिन्हाच्या आकाराचा एक तुकडा असतो, त्याला गॅरेजमध्ये नुसतं 'क्रॉस' म्हणतात. त्याच्या चारही टोकांवर बारीक सुयांसारखे रोलर असलेली बेअरिंगं बसतात. ॲक्सल वरखाली होताना शाफ्टची लागणारी लांबीही थोडी कमीजास्त होते, म्हणून एका टोकाला खाचा पाडलेला सरकता सांधा ठेवतात.

या क्रॉसची एक खोड आहे. कोनात फिरताना तो एकसारखा फिरत नाही. आत येणारा वेग स्थिर असला तरी बाहेर पडणारा वेग एका फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा घटतो. कोन १० अंशांचा असेल तर हा फरक साधारण दीड टक्का इकडे, दीड टक्का तिकडे. उपाय असा, की दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवायचे आणि दोन्ही क्रॉस धरणारे शाफ्टच्या टोकांवरचे बेचके एका रेषेत ठेवायचे. मग पहिल्याने केलेली गडबड दुसरा निस्तरतो. शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर, म्हणजे तो बोल्टने जोडायच्या चकतीवर, आणि सरकत्या सांध्यावर खुणा करायच्या, त्या यासाठीच. खुणा न करता काढून एक खाच चुकवून बसवला, की चांगली गाडी गॅरेजमधून थरथरत बाहेर पडते.

मग कोन शून्यच का ठेवत नाहीत? तसं केलं तर क्रॉसमधले रोलर जागचे हलतच नाहीत, एकाच जागी दाब घेत राहतात आणि तिथे खड्डे पाडतात. म्हणून एक ते तीन अंशांचा कोन मुद्दाम ठेवतात. लांब गाडीत शाफ्ट दोन तुकड्यांत करून मधे एक बेअरिंग टांगतात, कारण फार लांब दांडा ठरावीक वेगापुढे मधोमध वाकून भिरभिरू लागतो.

मागे पोचलेला जोर वळवायचा कसा?

शाफ्ट गाडीच्या लांबीभोवती फिरतो, चाकं मात्र आडव्या आसावर. म्हणजे जोराला काटकोनात वळवायला हवं. हे काम ॲक्सलच्या मधल्या गोल डब्यात होतं. शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी पिनियन, त्याला अडकलेलं मोठं क्राउन चाक. पिनियनला १० दाते आणि क्राउनला ४१ असतील, तर शाफ्टच्या ४.१ फेऱ्यांत चाकाची एक फेरी होते. वेग जेवढा घटतो तेवढा टॉर्क वाढतो. इंजिनने २०० न्यूटन-मीटर दिले, पहिल्या गिअरने ते साडेतीन पट करून ७०० केले आणि क्राउन-पिनियनने ४.१ पट केले, की घर्षणातली घट सोडली तर मागे २८७० न्यूटन-मीटर पोचतात. म्हणून शाफ्ट तुलनेने बारीक चालतो आणि ॲक्सलचे दांडे जाड लागतात.

क्राउन पिनियनच्या डावीकडे बसतो की उजवीकडे, यावर गाडीची दिशा ठरते. तो उलट्या बाजूला बसवला तर गाडीला मागे जाण्याचे चार-पाच गिअर मिळतील आणि पुढे जायचा एकच.

जुन्या गाड्यांत पिनियन क्राउनच्या बरोबर मध्यावर लागत असे. १९२६ मध्ये पॅकार्डने पिनियन मध्यापेक्षा खाली नेला. या मांडणीला हायपॉइड म्हणतात. शाफ्ट खाली गेला, त्यामुळे गाडीचा तळही खाली आला. किंमत मोजावी लागली ती घर्षणात. हायपॉइडचे दाते एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. साधं तेल तिथून पिळून निघतं आणि धातूवर धातू घासतो. म्हणून या डब्याला जीएल-५ दर्जाचं, बहुधा ८०डब्ल्यू-९० जाडीचं तेल लागतं. त्यातली गंधक-फॉस्फरसची रसायनं दात्यांवर एक राखणारा थर धरतात. जीएल-४ मागणाऱ्या गिअरबॉक्समध्ये हेच तेल ओतू नये. तिथल्या, गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगांना ही रसायनं खाऊ शकतात.

डिफरन्शियल: दोन चाकांत वाटणी

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट असती तर एकाला घसटत जावं लागलं असतं. क्राउनला जोडलेल्या पिंजऱ्यात छोटी दातेरी चाकं असतात, ती डाव्या आणि उजव्या ॲक्सलच्या दात्यांत अडकलेली असतात. सरळ रस्त्यावर ही छोटी चाकं स्वतःभोवती फिरतच नाहीत, सगळा पिंजरा एकजीव फिरतो. वळणावर ती थोडी फिरतात आणि आतल्या चाकाचा जेवढा वेग कमी होतो तेवढाच बाहेरच्याचा वाढतो. ही आहे डिफरन्शियल.

वेगाची वाटणी अशी मोकळी असली तरी जोराची वाटणी मात्र कायम सारखी राहते आणि गोंधळ इथेच होतो. खांद्यावरची कावड आठवा. दांडी खांद्यावर मधोमध टेकलेली, दोन टोकांना दोन घागरी. एका बाजूची घागर निसटली तर दुसरी भरलेली असूनही तोलता येत नाही, कारण दांडी एका टोकाला वजन घेते ते दुसऱ्या टोकाने तितकंच वजन दिलं तरच. डिफरन्शियलमधली छोटी चाकं हेच करतात. एक चाक चिखलात गेलं आणि त्याला विरोध उरला नाही, तर कोरड्या रस्त्यावरच्या दुसऱ्या चाकालाही तेवढाच नगण्य जोर मिळतो. इंजिन दणकट असून काही फायदा नाही.

अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबून काही होत नाही, उलट धोका वाढतो. पिंजऱ्याचा वेग हा दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी असतो. एक चाक थांबलेलं असेल तर दुसरं पिंजऱ्याच्या दुप्पट फिरतं. जुन्या पद्धतीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून वेग मोजतो, म्हणजे तो ताशी ५० दाखवत असेल तेव्हा घसरणारा टायर ताशी १००च्या वेगाने भिरभिरत असतो. छोट्या दातेरी चाकांना इतका वेळ, इतक्या वेगाने फिरायची सवय नसते.

हँडब्रेक मागच्या चाकांवर असलेल्या साध्या गाडीत एक युक्ती चालते. पहिल्याऐवजी दुसरा गिअर घ्या, हँडब्रेक दोन-तीन खटके ओढा आणि अगदी हलका ॲक्सिलरेटर द्या. ब्रेकमुळे घसरत्या चाकाला विरोध मिळतो आणि त्याच मापाचा जोर दुसऱ्या चाकालाही जातो. हलल्यावर ब्रेक लगेच सोडायचा. आजच्या गाड्यांतला ट्रॅक्शन कंट्रोल बहुतांशी हेच करतो, फक्त नेमक्या एकाच चाकाचा ब्रेक लावून. दुसरा मार्ग लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलचा. त्यात घर्षणाच्या चकत्या असतात, त्या दोन चाकांच्या वेगातला फरक फार वाढू देत नाहीत. त्यासाठी तेलात वेगळं मिश्रण लागतं. ते विसरलं की कमी वेगाच्या वळणावर चकत्या थरथरतात.

ढकलण्यात फायदा काय?

गाडी वेग घेते तेव्हा भार मागे सरकतो. किती, ते काढता येतं. गाडी १५०० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २७५ सेंटिमीटर धरू. दर सेकंदाला ताशी १४ किलोमीटरने वेग वाढत असेल तर साधारण १२० किलो भार पुढच्या चाकांवरून मागच्यांवर जातो. भार निम्मा-निम्मा वाटलेल्या गाडीच्या मागच्या चाकांवर उभं असताना ७५० किलो होते, त्याचे ८७० होतात. पुढच्या चाकांच्या गाडीत इंजिन-गिअरबॉक्स पुढेच असल्याने उभं असताना पुढे ९०० किलो असतील. वेग घेताना ते ७८०वर येतात. म्हणजे जोर लागतो नेमक्या त्याच क्षणी एकीची पकड वाढते, दुसरीची घटते. पाचास एक चढावर आणखी जवळपास ६० किलो मागे जातात, आणि मागच्या सीटवरची माणसं व डिकीतलं सामानही मागच्या चाकांच्याच पारड्यात पडतं. म्हणून जड मालवाहू गाड्यांनी बहुतेक करून मागची चाकं सोडली नाहीत.

दुसरा फायदा कामाच्या वाटणीचा. टायरची पकड मर्यादित असते, आणि वळणं, पळणं, थांबणं हे सगळं तिच्यातूनच भागवायचं असतं. पुढची चाकं फक्त वळवत असतील तर त्यांची सगळी पकड वळायला मोकळी राहते.

पण निसरड्या रस्त्यावर हीच गाडी त्रास देते ना?

देते, आणि वरच्याच आकड्यांत त्याचं कारण आहे. बर्फावर किंवा ओल्या मातीवर जोरात वेग घेताच येत नाही, त्यामुळे भारही फारसा सरकत नाही. पकड कोरड्या रस्त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी असेल तर जेमतेम ३०-३५ किलो. मग मागच्या चाकांवर ७८० आणि पुढच्या चाकांच्या गाडीत पुढे ८६५. इथे पुढची चाकं जिंकतात. कोरड्या रस्त्यावर मागची, बर्फावर पुढची, आणि पावसाने भिजलेल्या साध्या डांबरावर दोघींत उन्नीस-बीस. 'रिअर-व्हील ड्राइव्ह चांगली की वाईट' हा वाद वर्षानुवर्षं रंगतो, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या रस्त्यांबद्दल बोलत असतात.

घसरण्याची तऱ्हाही वेगळी. पुढच्या चाकांच्या गाडीत वळणावर जास्त ॲक्सिलरेटर दिला तर नाक बाहेर जातं, आणि घाबरून पाय काढला की बहुधा ती सावरते. मागच्या चाकांच्या गाडीत शेपूट बाहेर जातं. इथे पाय झटकन काढला तर भार पुढे पळतो, मागची चाकं आणखी हलकी होतात आणि शेपूट अजून सुटतं. पाय हळू सोडायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, आणि शेपूट उजवीकडे गेलं तर स्टिअरिंगही उजवीकडे. पकड आली की लगेच सरळ करायचं, नाहीतर गाडी दुसऱ्या बाजूला फटका मारते. ओल्या उतारावर एकदम खालचा गिअर टाकून क्लच सोडणंही तितकंच वाईट. इंजिनचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि ती रस्ता सोडतात.

१९९५ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आलेल्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलने ही धास्ती बरीच कमी केली. गाडी स्टिअरिंगच्या मानाने जास्त वळतेय असं दिसलं, की यंत्रणा बाहेरच्या पुढच्या चाकाचा ब्रेक लावून तिला सरळ करते. गुळगुळीत टायरला मात्र तीही काही करू शकत नाही. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे लावा.

आवाज आणि थरथर: काय बिघडलंय?

क्लच सोडताना किंवा पुढून रिव्हर्समध्ये जाताना खालून 'टक्' आला तर बहुधा क्रॉस झिजलाय किंवा सरकता सांधा ढिला झालाय. गाडी चाकं अडवून उभी करा, शाफ्ट एका हाताने आणि फ्लँज दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा. क्रॉसमध्येच हालचाल दिसली तर तो बदलायचा. हळू चालताना तालात 'चिक-चिक' येत असेल तर क्रॉसमधलं ग्रीस संपलंय.

थरथर चाकाची की शाफ्टची, हे तिच्या जातीवरून कळतं. ताशी ८० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण १२ फेऱ्या घेतं, शाफ्ट ४८. चाकाचं बॅलन्सिंग बिघडलं तर स्टिअरिंगमध्ये ठसठशीत धडधड जाणवते. शाफ्ट बिघडला तर फरशीत आणि सीटखाली बारीक गुणगुण येते, आणि त्याच वेगाला गिअर बदलला तरी ती जात नाही.

ॲक्सिलरेटर दिल्यावर मागून रडल्यासारखा आवाज येणं आणि पाय काढताच तो बदलणं, ही क्राउन-पिनियनची खूण. त्यांच्या दात्यांतली फट साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर असते आणि ती अंदाजाने बसवता येत नाही, डायल गेजच लागतं. दोघांपैकी एकच बदलायचा सल्ला कुणी दिला तर दुसरं गॅरेज शोधा. ती जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते.

क्राउन-पिनियनच्या डब्यातलं तेल पाहायचं गाडी सपाटीवर उभी करून. भरण्याच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल असलं की पुरेसं, आणि डब्यात बहुतेक एक ते दोन लिटर मावतं. तेल बदलताना आधी वरचं, भरण्याचं बूच सैल होतंय ना ते पाहा, मगच खालचं उघडा. तेल काढून टाकल्यावर वरचं बूच गंजून बसल्याचं कळलं, तर गाडी जागेवरच अडकते. चुंबकी बुचाला करडा मऊ लगदा लागलेला असणं ठीक, बोटाला टोचणारे कण मात्र नाहीत. पिनियनचं सील पुन्हा पुन्हा गळत असेल तर ॲक्सलवरची श्वासनळी तपासा. ती चिखलाने बुजली की तापलेल्या हवेचा दाब सीलमधून तेल बाहेर ढकलतो.

मग सगळे पुढच्या चाकांकडे का वळले?

जागा आणि खर्च. १९५९च्या मिनीने इंजिन आडवं बसवलं, तेव्हा शाफ्ट गेला, त्याच्यासाठीचा मधला उंचवटा, म्हणजे बोगदा, गेला आणि काटकोनात वळवणंही गेलं, कारण आडव्या इंजिनचा आस आधीच चाकांच्या आसाला समांतर असतो. १९७४च्या फोक्सवॅगन गोल्फसारख्या गाड्यांनंतर छोट्या गाड्यांत हीच रीत झाली. वळणाऱ्या चाकाला एकसारखा जोर देणारा चांगला आणि स्वस्त सांधा हाताशी आल्याशिवाय हे जमलं नसतं. गाडी हलकी झाली, आत जागा वाढली, कारखान्यात पुढचा सगळा संच एका झटक्यात बसू लागला. बीएमडब्ल्यूचं २०१९चं गणित हेच: छोट्या हॅचबॅकमध्ये मागच्या सीटवर पाय ठेवायला जागा हवी होती.

इथे एक गोष्ट निसटते. मागच्या चाकांवर फुली मारली गेली ती ढकलण्यात काही खोट होती म्हणून नव्हे. इंजिनपासून त्यांच्यापर्यंत जोर वाहून न्यायची सोय जड, खर्चिक आणि जागाखाऊ होती.

इलेक्ट्रिक गाडीत काय बदललं?

वाहून न्यायचंच उरलं नाही. मोटर थेट मागच्या चाकांच्या मधे, आसाला समांतर बसते. ९ ते ११ पट वेग घटवणारी तिरप्या दात्यांच्या साध्या दातेरी चाकांच्या दोन जोड्या, त्याला लागून डिफरन्शियल आणि दोन छोटे दांडे. हायपॉइड नाही, बोगद्याची गरज नाही.

शिवाय पुढच्या चाकांचा मोठा फायदा, म्हणजे डोक्यावर बसलेलं जड इंजिन, तोही गेला. बॅटरी फरशीखाली पसरलेली असल्याने भार जवळपास निम्मा-निम्मा वाटला जातो. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क देते, तो हलक्या झालेल्या पुढच्या चाकांना दिला तर ती जागेवरच घसटतात. पुढे दांडे आणि आडवं इंजिन नसल्यामुळे चाकं जास्त वळवता येतात. फोक्सवॅगनची आयडी.३ सुमारे १०.२ मीटरच्या वर्तुळात फिरते, तिच्या आकाराला ते चांगलंच कमी.

उणी बाजू ब्रेकची आहे. इलेक्ट्रिक गाडी वेग कमी करताना मोटरचा जनरेटर करून वीज परत मिळवते. पण ब्रेक लावताना भार पुढे जातो, म्हणजे वीज बनवणारी मागची चाकं हलकी होतात आणि त्या मार्गाने मिळणाऱ्या ब्रेकिंगला लवकर मर्यादा येते. निसरड्यावर ही वसुली जोरात लागली तर मागची चाकं आडवी जाऊ पाहतात. सॉफ्टवेअर ती काही मिलिसेकंदांत कमी करतं, तरी बर्फात किंवा चिखलात ही सेटिंग सगळ्यात सौम्य ठेवलेली बरी.

आणि गाडी बंद पडून ओढून न्यायची वेळ आली तर हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. पेट्रोल-डिझेलच्या ऑटोमॅटिक गाडीची मागची चाकं जमिनीवर ठेवून ती ओढली, तर चाकं शाफ्टमार्गे गिअरबॉक्सचं मागचं टोक फिरवत राहतात, पण त्याला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालत असल्याने बंदच असतो. गिअरबॉक्स कोरडा घासतो. मागची चाकं उचलून घ्या किंवा निघण्याआधी शाफ्ट सोडवा. इलेक्ट्रिक गाडीत सोडवायला शाफ्टच नसतो. मोटर साधारणपणे चाकांना कायमची जोडलेली असते आणि चाकं फिरली की ती वीज तयार करू लागते. म्हणून तिला अख्खी सपाट ट्रकवर चढवायची, चारही चाकं वर.